विश्लेषण : गुन्हा केला नाही, तरी रोज हजेरी! शाहू महाराजांनी ही पद्धत का मोडली?

दिवाळीच्या आगेमागे पाटोदा तालुक्यातील वाड्या-वस्त्यांवरून माणसे बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला निघतात. कुणी सांगलीकडे, कुणी कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. पुढचे पाच-सहा महिने घराला कुलूप असते. आता अशी कल्पना करा, की गाव सोडायचे तर आधी परवानगी लागते. रोज चावडीवर जाऊन आपण गावातच आहोत हे दाखवावे लागते. एक दिवस चुकला, तर चोरी न करताही अटक होते. मग ऊसतोडीला जाणार कोण आणि खाणार काय?

शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील अनेक जातीजमातींचे जगणे असेच होते. या पद्धतीला ‘हजेरी’ म्हणत. कोल्हापूर संस्थानात ती बंद करणारा राजा म्हणजे राजर्षी शाहू महाराज. आरक्षण आणि शिक्षणासाठी महाराजांचे नाव सर्वांना माहीत आहे. माणसाला कोठडीत टाकण्याआधी दुसरा मार्ग शोधावा, हा विचारही त्यांनी राज्यकारभारात आणला. आजच्या फौजदारी कायद्यात तोच विचार वेगळ्या शब्दांत दिसतो.

शाहू महाराज गादीवर कसे आले?

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. तीन वर्षांचे असतानाच आई गेली. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या राणी आनंदीबाई यांनी त्यांना दत्तक घेतले आणि नाव शाहू ठेवले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि पुढे धारवाडला फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, राज्यकारभार हाती आला.

पहिल्या काही वर्षांतच दुष्काळ आणि पाठोपाठ प्लेगने संस्थानाला घेरले. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, दुष्काळी कामे काढली. घोड्यावरून गावोगाव फिरण्याची आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलण्याची त्यांची सवय होती. पोट रिकामे असले की माणूस काय करतो, हे त्यांना कागदावर वाचावे लागले नाही.

हजेरी म्हणजे नेमके काय?

इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर भारतापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह देशभर लागू करता येऊ लागला. एखादी अख्खी जमात सरकार गुन्हेगार ठरवू शकत होते. त्यात जन्मलेल्या माणसाने प्रत्यक्ष काही केले आहे का, हा प्रश्नच येत नव्हता.

एकदा नाव नोंदले की बोटांचे ठसे घेतले जात. ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे. मुक्काम हलवायचा तर कळवावे लागे. नेमून दिलेल्या हद्दीबाहेर सापडलेल्या माणसाला वॉरंटशिवाय पकडता येत असे. काही जमातींना कुंपणाच्या वसाहतींत ठेवले गेले. सोलापूरची ‘सेटलमेंट’ त्यांपैकीच एक.

कोल्हापूर हे संस्थान होते, पण हजेरीची रीत तिथेही होती. महार, मांग, रामोशी आणि बेरड या जातींच्या लोकांना ती द्यावी लागे. परगावच्या मजुरीला जाता येत नसे, नातेवाइकाकडे चार दिवस राहता येत नसे. गावकामगाराची मर्जी सांभाळावी लागे. कारण गैरहजेरीची नोंद त्याच्याच हातात असे.

यातला फास असा : हजेरीमुळे काम सुटते, काम सुटले की उपासमार होते, उपासमारीतून चोरी होते आणि त्या चोरीकडे बोट दाखवून हजेरी आणखी कडक होते.

महाराजांनी पारध्यांचे काय केले?

फासेपारधी समाज रानावनात फिरून, फासे लावून शिकार करणारा. जंगलावरचे निर्बंध वाढले आणि शिकारीवर पोट भरेना. गावात चोरी झाली की पहिला संशय पारध्यांवर येई आणि पोलीस पालावर पोचत. महाराजांना स्वतः शिकारीचा मोठा नाद होता. रानातल्या माणसांची नजर, चपळाई आणि माग काढण्याचे कसब त्यांना ठाऊक होते.

त्यांनी या लोकांना बोलावून घेतले, काम दिले, राहायला जागा दिली. कोल्हापूरजवळच्या सोनतळी कॅम्पवर पारध्यांना पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्यापासून राखण करायची असे सारा गाव म्हणत होता, त्यांच्याच हाती राजाच्या मुक्कामाची राखण आली.

दरबारातल्या अनेकांना हा धोका वाटणे साहजिक होते. महाराजांचा हिशेब मात्र सरळ होता. चोरी पोटासाठी होत असेल, तर पोटाची सोय आधी झाली पाहिजे. शिवाय, ज्याला आयुष्यभर संशयानेच पाहिले गेले, त्याच्यावर कुणीतरी आधी विश्वास टाकावा लागतो. पोलीस आणि पारधी यांच्या मध्ये महाराजांनी काम, घर आणि जबाबदारी आणून ठेवली.

१९१८ चे हुकूम महत्त्वाचे का?

पारध्यांना जवळ करणे हा राजाच्या मर्जीचा भाग म्हणता येईल. हजेरीचा प्रश्न मर्जीने सुटणारा नव्हता, त्यासाठी हुकूम हवा होता. १९१८ मध्ये महाराजांनी महार, मांग, रामोशी आणि बेरड यांची हजेरी बंद केली. जातीवरून संशयित ठरवण्याची रीतच या हुकमाने संस्थानातून काढून टाकली.

त्याच वर्षी महार वतने रद्द करून त्या जमिनी वतनदारांच्या नावे रयतावा करण्याचा निर्णय झाला. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात अख्ख्या कुटुंबाला गावची आणि सरकारची कामे फुकट करावी लागत. वेठबिगारीवरही महाराजांनी बंदी आणली. आदल्या वर्षी, १९१७ मध्ये, प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा निर्णय झाला होता. त्याआधी २६ जुलै १९०२ रोजी मागास वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला होता.

हे सगळे हुकूम एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होते. हजेरी गेल्याने माणूस बाहेर पडू शकला. वतन आणि वेठ गेल्याने त्याची मजुरी त्याची झाली. शाळेमुळे पुढच्या पिढीला दुसरी वाट मिळाली. नुसती हजेरी बंद करून बाकी सारे तसेच ठेवले असते, तर फारसे काही बदलले नसते.

कोल्हापूरबाहेर काय झाले?

महाराजांचा हुकूम कोल्हापूरच्या हद्दीपुरताच होता. पाटोदा आणि सगळा बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिश मुलखात तर १९२४ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा नव्याने पक्का करण्यात आला. ते पाहायला महाराज नव्हते. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून रद्द झाला. म्हणूनच तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा गेला, संशय मात्र राहिला. सराईत गुन्हेगारांसाठी केलेल्या नव्या कायद्यांचा बडगाही बऱ्याचदा याच समाजांवर पडला.

आज अटकेला कोणता पर्याय आहे?

किरकोळ गुन्ह्यात पोलिसांनी अटक न करता माणसाला समुपदेशन, उपचार किंवा कामाकडे वळवायचे, अशा योजना काही देशांत आहेत. अमेरिकेतील सिएटल शहरात २०११ मध्ये अशी योजना सुरू झाली. भारतात प्रौढांसाठी अशी देशव्यापी योजना नाही. पण अटक टाळण्याचे मार्ग कायद्यात आहेत :

• नोटीस : सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. अटकेची गरज नसेल, तर पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) नुसार हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. अटक केलीच, तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार खटल्यात हे बंधन स्पष्ट केले.

• वृद्ध आणि आजारी : तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात ६० वर्षांवरील किंवा आजाराने अशक्त व्यक्तीला अटक करायची तर किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते.

• मुले : १८ वर्षांखालील मुलाने किरकोळ गुन्हा केल्यास साधारणपणे एफआयआर न नोंदवता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची असते आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा असतो.

• सामाजिक सेवा : पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीत, पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी सामाजिक सेवेची शिक्षा आहे. ही सोय १ जुलै २०२४ पासून लागू झाली. मात्र ती दोष सिद्ध झाल्यानंतरची आहे, अटकेआधीची नव्हे.

नोटीस आणि अटकपूर्व जामीन यांत गल्लत करू नये. जामीन न्यायालयाकडे मागावा लागतो. नोटीस देणे पोलिसांचे काम आहे. नोटीस मिळाली तर ठरल्या दिवशी हजर राहावे आणि तिची प्रत जपून ठेवावी. हजर न राहिल्यास अटक होऊ शकते.

मग शाहू महाराजांची आठवण आज का?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदावर निकाल दिला. त्यात भटक्या-विमुक्तांची मनमानी अटक होऊ नये, यासाठी अर्नेश कुमार खटल्यातील निर्देश पाळण्याचा आदेश पोलिसांना दिला आहे. १९१८ मध्ये कोल्हापुरात जे मोडीत निघाले, त्याच्या खुणांबद्दल १०६ वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बोलावे लागले.

बीड जिल्ह्यातही पारधी समाजाच्या वस्त्या आहेत. एका अटकेने तिथल्या कुटुंबाचे काय होते, हे ऊसतोडीचा हिशेब माहीत असणाऱ्याला सांगावे लागत नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात आणि हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात. ऐन हंगामात त्यातला एक जण कोठडीत गेला, तर कोयता थांबतो. उचल मात्र डोक्यावर तशीच राहते, आणि पुढच्या हंगामात ती फेडण्यासाठी पुन्हा घर सोडावे लागते.