गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुस्कर

आज एखाद्या मुलाने गाणे शिकावयाचे ठरविले, तर त्याला संगीत विद्यालयात पाठविण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र अशी स्थिती नव्हती. संगीतकला राजेरजवाड्यांच्या आश्रयाने राहत असे. गवई आपली विद्या मोजक्याच शिष्यांना देत आणि गवयाला समाजात फारसा मान नसे. ही स्थिती पालटण्यासाठी विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी आपले सारे आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. त्यांचे वडील कीर्तनकार होते. लहानपणी एका दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाचा भडका उडून विष्णूच्या डोळ्यांना इजा झाली. दृष्टी अधू झाली आणि शाळेचा अभ्यास थांबला. उपचारांसाठी त्याला मिरजेस नेण्यात आले. दृष्टी पूर्ववत झाली नाही. पण मुलाचा गळा गोड होता. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने त्याला पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गायन शिकण्याची संधी मिळाली. पहाटे उठून तो तासन् तास मेहनत करी. अशी अनेक वर्षे गेली आणि विष्णु दिगंबर उत्तम गवई झाले.

मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण विष्णु दिगंबरांना आले. परंतु त्यांच्या गुरूंना आले नाही, कारण ते केवळ गवई होते! हा अपमान शिष्याच्या जिव्हारी लागला. कलावंताला मान मिळवून द्यावयाचा व संगीतविद्या घरोघर पोहोचवावयाची, असा निश्चय करून १८९६ मध्ये ते मिरजेबाहेर पडले. गावोगावी त्यांनी जाहीर जलसे केले. जे गाणे पूर्वी दरबारात चाले, ते आता तिकीट काढून कोणालाही ऐकता येऊ लागले.

फिरत फिरत ते पंजाबात पोहोचले. लाहोर येथे ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ते कोणा एका राजाच्या कृपेवर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर व जलशांच्या उत्पन्नावर चाले. वर्ग, अभ्यासक्रम व परीक्षा यांची तेथे शिस्तशीर व्यवस्था होती. विद्यार्थ्यांसाठी पंडितजींनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली व पुस्तके छापली. गरीब मुलांना ते आपल्याजवळ ठेवून घेत. त्यांच्या जेवणाखाण्याची सोय विद्यालयात होई. मोबदला एवढाच, की शिक्षण संपल्यावर त्यांनीही इतरांस शिकवावे.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबईस विद्यालयाची शाखा काढली. तेथे विद्यालयासाठी मोठी इमारत उभारली, संगीत परिषदा भरविल्या. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. परंतु इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटेना. अखेर सावकारांनी ती लिलावात काढली. आयुष्यभर कष्टून उभारलेली वास्तू हातची गेली! पंडितजी नाशिकला आश्रम बांधून रामनामात रमू लागले. मात्र शिष्यांना शिकविणे त्यांनी सोडले नाही. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले.

इमारत गेली, तरी कार्य थांबले नाही. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर या शिष्यांनीही गुरूंचे व्रत पुढे चालविले. पंडितजी वारले तेव्हा त्यांचे पुत्र दत्तात्रेय अवघे दहा वर्षांचे होते. विनायकराव व नारायणराव यांनी त्यांना गाणे शिकविले. १९३५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात दत्तात्रेय गायले. ज्या पंजाबात पित्याने पहिले विद्यालय उघडले, तेथेच पुत्राचा स्वर घुमला. गुरूंनी मुक्तहस्ते वाटलेली विद्या शिष्यांनी त्यांच्याच मुलाच्या ओंजळीत घातली होती.