गार्सिया द ओर्ता

गार्सिया द ओर्ता (जन्म : इ.स. १५०१ च्या सुमारास, कास्तेलो द व्हिद, पोर्तुगाल. मृत्यू : इ.स. १५६८, गोवा) हे पोर्तुगीज वैद्य आणि औषधी वनस्पतींचे अभ्यासक होते. आयुष्याची शेवटची ३४ वर्षे त्यांनी भारतात घालवली. भारतीय औषधी द्रव्यांच्या देशी, अरबी व लॅटिन नावांचा मेळ घालणारा त्यांचा ग्रंथ इ.स. १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला.

पूर्वायुष्य

ओर्ता यांचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. इ.स. १४९२ च्या हद्दपारीमुळे ते पोर्तुगालमध्ये आले आणि पाचच वर्षांनी तेथे त्यांना सक्तीने ख्रिस्ती व्हावे लागले. अशा कुटुंबांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत व त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाई. ओर्ता यांचे शिक्षण सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत झाले. तेथील वैद्यकाची भाषा लॅटिन होती आणि गेलेन, डायोस्कोरिडीस यांचा शब्द प्रमाण मानला जाई. पुढे त्यांनी लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन केले. मार्च १५३४ मध्ये मार्तिम आफोंसु द सोझा यांचे वैद्य म्हणून ते जहाजाने निघाले व सप्टेंबरमध्ये गोव्यास पोहोचले.

निजामशाही दरबार

गोव्यात स्थायिक झाल्यावर ओर्ता यांनी अहमदनगरचा (सध्याचे अहिल्यानगर) सुलतान पहिला बुऱ्हाण निजामशाह याच्यावरही उपचार केले. आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळचा दौलताबादचा किल्ला त्या वेळी याच राज्यात होता. शहराचे मूळ असलेली खडकी मात्र अद्याप वसायची होती. सुलतानाने ओर्ता यांना रोगांची व औषधांची अरबी नावे शिकवली आणि ओर्ता यांनी त्याला तीच नावे लॅटिनमध्ये शिकवली. दख्खनच्या दरबारात लॅटिन वैद्यकीय संज्ञांचा असा पाठ झाला, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही. दरबारातील हकीम आणि हिंदू वैद्य यांच्याकडूनही ओर्ता यांनी पुष्कळ माहिती मिळवली. मुंबई बेट त्यांना पोर्तुगीज सत्तेकडून भाडेपट्ट्याने मिळाले होते. तेथील वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याचा उल्लेख त्यांनी केला आहे.

ग्रंथ

‘कोलोकियुश’ म्हणजे संवाद. या ग्रंथात स्पेनहून नुकताच आलेला रुआनो हे काल्पनिक पात्र ग्रीक व लॅटिन ग्रंथांचा आधार घेऊन प्रश्न विचारते आणि ओर्ता स्वतः पाहिलेल्या गोष्टींच्या आधारे उत्तरे देतात. स्पेनमध्ये असतो तर गेलेनविरुद्ध बोलण्याचे धाडस झाले नसते, असे ते मोकळेपणाने मान्य करतात. लॅटिन उत्तम येत असूनही त्यांनी ग्रंथ पोर्तुगीज भाषेत लिहिला. गोव्यात मुद्रणकला येऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती, त्यामुळे छपाईत चुका पुष्कळ राहिल्या. कवी लुईश द कामोंइश यांची पहिली मुद्रित कविता याच ग्रंथात आहे.

नावांची उकल हा ग्रंथाचा सर्वांत रसाळ भाग होय. युरोपीय औषधविक्रेते ज्याला आसाफेटिडा म्हणत, तो हिंगच, हे ओर्ता यांनी सविस्तर मांडले. या नावाचा उत्तरार्ध दुर्गंधी या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला आहे. इंग्रजीतील टॅमरिंड हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमार्गे अरबी ‘तम्र हिंदी’ (हिंदी खजूर) यावरून आला. प्रत्यक्षात चिंचेचा खजुराशी काही संबंध नाही, हे ओर्ता स्पष्ट करतात. लॅटिन ओपियम व मराठी अफू यांचे मूळ एकच, ग्रीक आहे. पहिला शब्द पश्चिमेकडे गेला, दुसरा अरबीतून आपल्याकडे आला. उलट डटुरा हे लॅटिन शास्त्रीय नाव धोत्र्याच्या भारतीय नावावरून घडले आहे. शास्त्रीय परिभाषा केवळ लॅटिन-ग्रीक धातूंतून तयार झाली, हा समज म्हणूनच अपुरा ठरतो.

पटकीचे त्यांनी केलेले वर्णन वैद्यकाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. लॅटिन ग्रंथांतील कॉलेरा या संज्ञेशेजारी त्यांनी ‘मोडशी’ हा इकडचा शब्द नोंदवला. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशी’ केले आणि पुढे फ्रेंचांच्या कानाला त्यात ‘कुत्र्याचे मरण’ ऐकू आले!

अखेर व मरणोत्तर शिक्षा

ओर्ता यांची आई व दोन बहिणी ज्यू असल्याच्या आरोपावरून लिस्बनमध्ये कैदेत होत्या, सुटकेनंतर इ.स. १५४९ मध्ये त्या गोव्यास आल्या. इ.स. १५६० मध्ये धर्मन्यायालय गोव्यातही स्थापन झाले. ओर्ता यांना हयातीत शिक्षा झाली नाही. मात्र त्यांच्या मृत्यूनंतर बहीण कातारिना हिला इ.स. १५६९ मध्ये जिवंत जाळण्यात आले आणि इ.स. १५८० मध्ये खुद्द ओर्ता यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या.

ग्रंथाचे भाग्य वेगळे होते. कारोलुस क्लुसियुस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद इ.स. १५६७ मध्ये अँटवर्प येथे प्रसिद्ध केला व त्यातून तो युरोपभर पोहोचला. या संक्षेपात संवाद गळाले, हे वाचक म्हणून नुकसानच. क्लेमेंट्स मार्कम यांचा इंग्रजी अनुवाद इ.स. १९१३ मध्ये निघाला.

पणजीच्या नगरपालिका उद्यानाला पूर्वी ओर्ता यांचे नाव होते. कोकमाच्या ‘गार्सिनिया’ या शास्त्रीय नावाशी मात्र त्यांचा संबंध जोडू नये. ते नाव लिनियसने लॉरां गार्सें या दुसऱ्याच अभ्यासकावरून दिले आहे.