दिव्यामागचा माणूस : रॉबर्ट बॉश

गोष्ट एका जळलेल्या स्विचपासून सुरू होते.

मागच्या पावसाळ्यात आम्ही हॉस्टेलचे चौघे एका मित्राच्या काकांची जुनी जीप घेऊन गगनबावड्याला निघालो होतो. आदल्या दिवशी स्वतःच्या हातांनी पुढच्या बंपरवर दोन फॉग लॅम्प बसवले होते, त्यामुळे छाती फुगलेली. गगनबावडा जवळ आला तसं धुकं उतरलं आणि आम्ही ऐटीत दिवे लावले. दहा मिनिटांत डॅशबोर्डमधून जळका वास आला, स्विच वितळला आणि दिवे गेले. पुढचं काही दिसेना. जीप कडेला घेऊन आम्ही पहाटेपर्यंत कुडकुडत बसलो.

परत आल्यावर उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी वायरिंग पाहिलं आणि कॉलेजात आम्हाला नक्की काय शिकवतात ते विचारलं. उत्तर नव्हतं. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, भागिले १२ व्होल्ट, म्हणजे नऊ अँपिअरच्या वर करंट. हे गणित दहावीतलं. पण तो सगळा करंट आम्ही एका नाजूक स्विचमधून आणि केसाएवढ्या वायरीतून नेला होता. फ्यूजसुद्धा नव्हता. काकांनी एक काळी चौकोनी डबी माझ्या हातावर ठेवली. तिच्या पायांवर आकडे होते : ३०, ८५, ८६, ८७. हा रिले. आकडे जर्मन मानकातले, आणि जगभरचे मेकॅनिक या रिलेला बॉश टाइप म्हणतात. ते नाव ड्रिल मशीनवरही पाहिलं होतं. पण बॉश हा एक माणूस होता, हे मला खरंच माहीत नव्हतं. मग लायब्ररीत बसून वाचलं. ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ चा, जर्मनीत उल्म शहराजवळच्या आल्बेक गावातला. बारा भावंडांतला हा अकरावा. घरची शेती आणि खानावळ. रॉबर्टने उल्मला मिस्त्रीच्या हाताखाली उमेदवारी केली. मास्तरकडे शिकण्यासारखं फारसं नव्हतं, पण हात तयार झाला. पुढे तो अमेरिकेला गेला, एडिसनच्या कारखान्यात काम केलं, मग इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे. १५ नोव्हेंबर १८८६ ला, पंचविसाव्या वर्षी, त्याने स्टुटगार्टला स्वतःचं वर्कशॉप उघडलं. भांडवल १०,००० मार्क, सोबत एक कारागीर आणि एक पोऱ्या.

पुढची दहा वर्षं ओढाताणीची होती. टेलिफोन बसव, विजेच्या घंटा दुरुस्त कर, मिळेल ते काम घे. गिऱ्हाइकांकडे जायला सायकल. एकदा मंदी अशी आली की जवळजवळ सगळ्या कामगारांना कमी करावं लागलं. घरच्यांच्या पैशावर वर्कशॉप तगलं. यशस्वी माणसांच्या चरित्रातली अशी पानं आपण भराभर उलटतो. मी या वेळी उलटली नाहीत, कारण माझे दोन विषय राहिलेत!

१८८७ मध्ये एका गिऱ्हाइकाने गॅस इंजिनासाठी मॅग्नेटो मागितला. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र. बॉशने दुसऱ्या कंपनीचा मॅग्नेटो नीट पाहिला, त्यावर पेटंट नाही याची खात्री केली आणि त्यात सुधारणा करून स्वतःचा बनवला. दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, फ्रेडरिक सिम्स नावाच्या इंग्रज इंजिनिअरने हाच मॅग्नेटो मोटारच्या तीनचाकीवर बसवायला सांगितलं. अडचण अशी की जागच्या जागी चालणारं इंजिन सावकाश फिरायचं आणि मोटारचं इंजिन कितीतरी पट वेगाने. जड आर्मेचर तेवढ्या वेगाने मागेपुढे होईना. फोरमन आर्नोल्ड त्सेरिंगरने आर्मेचर स्थिर ठेवून त्याभोवतीचा हलका पत्रा फिरवला. प्रश्न सुटला. १९०२ मध्ये गोटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग तयार केला. होनोल्ड पूर्वी याच वर्कशॉपमध्ये उमेदवारी केलेला पोरगा. बॉशच्या वर्तुळातल्या चिन्हाकडे कधी नीट पाहा, ते मॅग्नेटोचं आर्मेचर आहे.

आता आपल्या दिव्याकडे येऊ. त्या काळी मोटारींना कार्बाइडचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकवायचं, ॲसिटिलीन वायू निघतो, तो पेटवायचा. गाडी थांबवून, खाली उतरून, वाऱ्यापावसात काडी ओढायची. विजेचा बल्ब तर उपलब्ध होता, मग तो का नाही लावला? कारण इंजिनाचा वेग बदलला की डायनॅमोचा दाब बदलतो. वेग कमी तर दिवा मिणमिणतो, जास्त तर बल्ब उडतो. बॉशच्या कारखान्याने १९१३ मध्ये बाजारात आणला तो नुसता दिवा नव्हता. हेडलॅम्प, डायनॅमो, बॅटरी आणि दाब सांभाळणारा रेग्युलेटर असा पूर्ण संच होता. दिवा ही वस्तू नाही, ती व्यवस्था आहे. आम्ही जीपवर फक्त वस्तू बसवली होती, व्यवस्था विसरलो होतो.

पुढे १९२१ मध्ये हॉर्न, १९२६ मध्ये वायपर, १९२७ मध्ये डिझेल पंप. १९२२ मध्ये कलकत्त्यात एजन्सी उघडली. बॉश गेल्यानंतर, १९५१ मध्ये, बंगळूरला मायको सुरू झाली. पुढे नाशिकलाही कारखाना झाला, आणि तिथल्या चौकाला लोक मायको सर्कल म्हणू लागले.

पण मला माणूस जास्त आवडला तो १९०६ च्या गोष्टीमुळे. त्या वर्षी त्याने कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. थकलेला हात चुकतो, हा त्यामागचा साधा हिशोब. बाकीचे कारखानदार त्याला लाल बॉश म्हणून चिडवायचे. तरी १९१३ मध्ये त्याच्याच कारखान्यात मोठा संप झाला आणि तो मनातून दुखावला. महायुद्ध आलं तेव्हा कारखान्याच्या इमारतीत जखमी सैनिकांसाठी दवाखाना उघडला. १९२१ मध्ये तरुण मुलगा आजाराने गेला.

शेवटची वर्षं अवघड आहेत आणि ती लपवून चरित्र लिहू नये. हिटलरचं राज्य बॉशला पटत नव्हतं. त्याने छळ होणाऱ्या ज्यू लोकांना मदत केली, हिटलरविरोधी गटातल्या कार्ल गोएर्डेलरला कंपनीत सल्लागार म्हणून जागा दिली. पण कारखाना मात्र युद्धाचा माल बनवत राहिला आणि तिथे सक्तीने आणलेले हजारो मजूर राबले. ज्या माणसाने आठ तासांचा दिवस दिला, त्याच्याच नावाच्या कारखान्यात हे घडलं. मी हे दोनदा वाचलं आणि गप्प बसलो. १२ मार्च १९४२ ला बॉश गेला. ज्यांना तो मनातून मानत नव्हता त्यांनीच त्याची सरकारी इतमामात अंत्ययात्रा काढली. कंपनीची कमाई लोकांच्या कामी यावी ही त्याची इच्छा होती. आज कंपनीची सुमारे ९४ टक्के मालकी एका धर्मादाय संस्थेकडे आहे.

आम्ही जीपचं वायरिंग पुन्हा केलं. बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून जाड वायर ३० ला, ८७ वरून दिव्यांकडे. ८६ ला स्विचची बारीक वायर, ८५ अर्थला, आणि अर्थचा बोल्ट रंग खरवडून थेट चासीवर. आता स्विचमधून जातो तो पाव अँपिअरपेक्षाही कमी करंट. जड काम रिले करतो. दिवे बंपरच्या खाली घेतले, कारण उंचावरचा प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. समोरून गाडी आली की ते बंद करायचे, हेही काकांनी बजावलं.

श्रावणात परत गगनबावड्याला गेलो. धुकं तेवढंच होतं, पण रस्त्याची कड दिसत होती. वायर असो वा माणूस, झेपेल तेवढाच भार टाकावा, हे बॉशला कळलं होतं. ते विसरलं की काय होतं, तेही त्याच्याच कारखान्याने दाखवलं. लायब्ररीतून वाचून आलो त्या दिवशी रात्री दोनला जर्नल लिहीत बसलेल्या माझ्या रूममेटला मी दिवा बंद करून झोपायला लावलं. तो अजून रागावलाय.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)