शैलचित्रांचा वाटाड्या : डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर

मालवण : मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावर जांभ्या कातळात कोरलेल्या आकृतींना २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा संभाव्य यादीत स्थान मिळाले. कोकण व गोव्यातील नऊ स्थळांच्या या प्रस्तावात सिंधुदुर्गातील हे एकमेव ठिकाण आहे. खडकावरील अशा चित्रांकडे इतिहासाचा पुरावा म्हणून पाहण्याची दृष्टी भारतात ज्यांनी रुजवली, त्यांत डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांचे नाव अग्रभागी आहे. कुडोपी अभ्यासकांच्या चर्चेत आली, तेव्हा ते हयात नव्हते.

नीमच येथील मराठी कुटुंबात ४ मे १९१९ रोजी जन्मलेले वाकणकर मुळात चित्रकार. उज्जैन ही त्यांची कर्मभूमी. तेथे त्यांनी भारती कला भवन उभारले. परिचितांमध्ये ते हरिभाऊ म्हणूनच ओळखले जात. हातात कुंचला असलेला हा माणूस पुरातत्त्वाकडे वळला, पण कुंचला मात्र त्याने सोडला नाही.

१९५७ मध्ये भोपाळकडे रेल्वेने जाताना त्यांना विंध्याच्या कडेला विचित्र आकाराचे खडक दिसले. ते वाटेत उतरले आणि जंगल तुडवीत तेथे पोहोचले, अशी हकिकत सांगितली जाते. ते ठिकाण भीमबेटका. सरकारी नोंदींना ते अगदीच अपरिचित नव्हते. आदिवासींनी दिलेल्या माहितीवरून १८८८ मध्येच त्याचा उल्लेख झाला होता, मात्र बौद्ध स्थळ म्हणून! भिंतींवरचे गवे, हत्ती, नर्तकांच्या रांगा यांचे महत्त्व कळण्यास आणखी सात दशके जावी लागली. त्याआधी १८६७-६८ मध्ये कार्लाइल यांनी मिर्झापूरच्या परिसरात शैलचित्रे पाहिली होती. स्पेनमधील अल्तामिराची चित्रे उजेडात येण्यापूर्वीची ही घटना. पण तिचा गाजावाजा झाला नाही.

वाकणकरांचे खरे योगदान केवळ शोधात नाही. एकाच भिंतीवर माणसांनी हजारो वर्षे चित्रांवर चित्रे काढली होती. कोणती रेषा खाली, कोणती वर, हे चित्रकाराच्या नजरेने तपासून त्यांनी शैलींचा क्रम लावला. खाली शिकारी आणि रानटी जनावरे, वर शस्त्रधारी घोडेस्वार : जणू जमिनीतल्या थरांप्रमाणे भिंतही वाचता येते. यासाठी त्यांनी हजारो चित्रांच्या नकला स्वतः काढल्या. या विषयावरील प्रबंधासाठी त्यांना १९७३ मध्ये पुणे विद्यापीठाची पीएच. डी. मिळाली.

त्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले असे नाही. हिरव्या रंगातील नर्तकाकृती उत्तर पुराश्मयुगातील असाव्यात, असे त्यांचे मत होते. उत्खननात त्या काळाच्या थरात हिरव्या रंगाचे खडे सापडल्याचा आधार त्यांनी दिला. रंगाचा खडा सापडला म्हणून त्याच खड्याने भिंतीवरचे चित्र काढले असे सिद्ध होत नाही, आणि भीमबेटकाची जुन्यात जुनी चित्रे मध्याश्मयुगीन मानणारे अभ्यासक अनेक आहेत. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

उज्जैनजवळच्या कायथा येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहत हीदेखील त्यांचीच देणगी. इ. स. पूर्व २४०० च्या सुमारास, इजिप्तमधील भव्य पिरॅमिडांचा काळ मावळतीला लागला असताना, चंबळच्या खोऱ्यात शेती करणारे आणि तांब्याची हत्यारे वापरणारे लोक राहत होते, हे त्या उत्खननातून दिसले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनेही तेथे खोदकाम केले.

१९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७६ मध्ये रॉबर्ट ब्रूक्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा भारतीय शैलचित्रांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. एप्रिल १९८८ मध्ये सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. भीमबेटका जागतिक वारसा यादीत समाविष्ट होण्यास त्यानंतर पंधरा वर्षे लागली.

कुडोपीच्या सड्यावर मात्र त्यांची पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. येथे आकृती रंगवलेल्या नसून कोरलेल्या आहेत, वर छत नाही, आणि उघड्या कातळावर काळ सांगणारे मातीचे थरही टिकत नाहीत. पावसाळ्यागणिक रेषा झिजत आहेत. प्रत्येक आकृतीची मापात नक्कल काढून ठेवणे, हे वाकणकरांनी सर्वांत आधी केलेले काम येथेही आधी करावे लागते.