गोखल्यांच्या वाणीचे बळ

परीक्षेत चलनवाढीची कारणमीमांसा अचूक लिहिणारा विद्यार्थी परिसंवादात चार माणसांपुढे उभा राहिला की त्याचा घसा कोरडा पडतो, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. सभाधीटपणा ही जन्मजात देणगी आहे, ती ज्याला लाभली नाही त्याने गप्प बसावे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र या समजाला उत्तर देणारे आहे.

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे गोखल्यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. थोरल्या बंधूंनी हालअपेष्टा सोसून त्यांना शिकविले. १८८४ साली पदवी घेऊन ते पुण्यास शिक्षक झाले आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवू लागले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून फार चालले. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेचे काम करताना सरकारी अहवाल वाचणे, आकडे पडताळणे आणि मगच विधान करणे, ही शिस्त त्यांच्या अंगी बाणली. वक्ता घडला तो व्यासपीठावर नव्हे, अशा अभ्यासाच्या मेजावर.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते लंडनला गेले. वय अवघे तीस. समोर मुरब्बी प्रश्नकर्ते. तरीही उलटतपासणीत ते डगमगले नाहीत, कारण गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या जाणकाराच्या साहाय्याने त्यांनी प्रत्येक आकडा आधीच तपासून घेतलेला होता.

परंतु याच प्रवासात त्यांच्या हातून एक चूक घडली. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातील सोजिरांनी केलेल्या अत्याचारांची पत्रे त्यांना आली. त्यांवर विश्वास ठेवून त्यांनी इंग्लंडमध्ये गंभीर आरोप जाहीर केले. मायदेशी परतल्यावर मात्र ते सिद्ध करण्याजोगा पुरावा त्यांना मिळेना. तेव्हा पत्रलेखकांची नावे पुढे न करता त्यांनी स्वतः बिनशर्त माफी मागितली. लोकांना हा भ्याडपणा वाटला आणि त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. प्लेगच्या त्या दिवसांत पुणेकरांनी सोसलेला जाच खोटा नव्हता; पण ऐकीव माहितीवर उभे केलेले विधान निकराच्या क्षणी वक्त्याला सावरू शकत नाही, हा धडा गोखल्यांना फार महागात मिळाला.

त्या धड्याचे फळ पाच वर्षांनी दिसले. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याला वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. त्या साली सुमारे सात कोटींची शिल्लक दाखवून सरकार समाधान व्यक्त करीत होते. ही शिल्लक म्हणजे सुबत्तेची खूण नव्हे, असे गोखल्यांनी आकड्यांनीच दाखवून दिले. रुपयाचा भाव घसरलेला असताना, विलायतेस पाठवायच्या रकमा भागविण्यासाठी कर वाढविले होते. पुढे रुपया सोळा पेन्सांवर स्थिर होऊन तो बोजा हलका झाला, तरी कर तसेच राहिले. शिल्लक पडली ती यामुळे. मिठावरील कर १८८८ पासून मणास अडीच रुपये होता, आणि त्याची झळ गरिबाच्या भाकरीला लागत होती. हा कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. हे सारे श्रेय एका भाषणाला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण सरकारला उत्तर शोधावे लागेल असा प्रतिपक्ष उभा राहिला होता, यात शंका नाही.

तथापि चांगले भाषण म्हणजे जिंकलेले मतदान नव्हे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे गोखल्यांचे विधेयक मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पराभव होणार हे ठाऊक असूनही त्यांनी पूर्ण तयारीनिशी ते मांडले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शिक्षणाचा हक्क राज्यघटनेत मूलभूत हक्क म्हणून समाविष्ट झाला तो त्यानंतर बऱ्याच काळाने, २००२ साली.

आवाजाचे चढउतार आणि हातवारे शिकविता येतात. स्पर्धांतून त्यांना गुणही मिळतात. पण श्रोत्यांतून प्रश्न आला की ते उपयोगी पडत नाहीत. तेथे उपयोगी पडते ती स्वतः तपासलेली माहिती, आणि चूक झाली तर ती कबूल करण्याची तयारी. ज्याच्यापाशी या दोन गोष्टी आहेत त्याचा आवाज प्रथम कापला तरी बिघडत नाही. शिक्षकांची पतसभा असो, कचेरीतील बैठक असो वा महाविद्यालयाचे सभागृह असो, उभे राहण्यापूर्वी आपण एवढेच पाहावे की उद्या पुरावा मागितला गेला, तर आपले प्रत्येक वाक्य टिकेल काय. ते टिकणारे असेल तर भीतीचे अर्धे कारण तेथेच संपते.