नदीची जागा राखणारा अभियंता

२८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसी नदी कोपली. पूल, पेठा, घरेदारे वाहून गेली. मृतांचा आकडा पंधरा हजारांपर्यंत सांगितला जातो. अफझलगंजच्या एका चिंचेच्या झाडावर चढलेली दीडशेच्या आसपास माणसे कशीबशी वाचली.

असा पूर पुन्हा येऊ नये म्हणून निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. मुंबई सरकारच्या सेवेतून बाहेर पडून ते तेव्हा परदेश दौऱ्यावर होते. म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा हा मुलगा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शिकवण्या करून शिकला आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिला आला. १९०३ मध्ये खडकवासल्याला बसवलेले त्यांचे स्वयंचलित दरवाजे पुणेकरांना ठाऊक आहेतच.

१९०९ मध्ये हैदराबादला आल्यावर त्यांनी शहराबरोबरच नदीचे वरचे खोरेही तपासले. पावसाच्या नोंदी जमवल्या, फुटलेले तलाव मोजले. वरच्या अंगाचे शेकडो लहान तलाव एकामागून एक फुटले होते आणि ते सारे पाणी शहरावर आले होते. तेव्हा पूर शहराच्या वरच अडवावा, असा सल्ला त्यांनी दिला. मुसीवर एक आणि तिच्या ईसी या उपनदीवर एक, अशी दोन धरणे सुचवली. शहरात काठ उंच करून तिथे बागा कराव्यात, असेही सांगितले.

पुढे १९१२ मध्ये नगरसुधार मंडळ स्थापन झाले. उस्मानसागर १९२० मध्ये, तर हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला.

पुरासाठी धरणाचा काही भाग रिकामा ठेवायचा, ही गोष्ट लोकांना पटवणे सोपे नसते. बँकेत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ती चटकन कळते. राखीव निधी पडून आहे असे वाटते, पण संकटाच्या दिवशी तोच तारतो. नदीकाठची बागही तशीच. पाणी चढले तर झाडे भिजतात, संसार बुडत नाहीत.

वयाची शंभरी ओलांडून एप्रिल १९६२ मध्ये विश्वेश्वरय्या गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत पुन्हा पाणी शिरले, अनेकांचे प्राण गेले. दोन्ही धरणे जागेवरच होती. पण तलावांच्या पोटात आणि नाल्यांच्या काठी वस्त्या उभ्या राहिल्या होत्या. धरण सरकार एकदा बांधते, पाण्याची जागा मात्र प्रत्येक पिढीला नव्याने राखावी लागते.