औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

सातारा जिल्ह्यात औंध नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाला लागूनच डोंगर असून त्याच्या माथ्यावर यमाईदेवीचे देवालय आहे. देवीच्या दर्शनाला निघालेला यात्रेकरू चढ चढू लागला, की वाटेत त्याला एक प्रशस्त इमारत दिसते. ती धर्मशाळा नव्हे, की राजवाडाही नव्हे. ते आहे श्रीभवानी वस्तुसंग्रहालय. आत पाऊल टाकताच राजा रविवर्म्यांची चित्रे, मोगल व राजपूत शैलींची नाजूक लघुचित्रे, हस्तिदंताचे व चंदनाचे कोरीवकाम, संगमरवरी मूर्ती अशी एकाहून एक सुंदर वस्तू पाहावयास मिळते.

मोठी वस्तुसंग्रहालये बहुधा मोठ्या शहरांत असतात. बडोद्याचे संग्रहालय १८९४ साली सुरू झाले, मुंबईचे १९२२ साली. ही दोन्ही शहरे वैभवाने नटलेली. मग सातारा जिल्ह्यातील या आडगावी एवढी कलासंपत्ती कोणी आणली आणि ती डोंगराच्या वाटेवर का मांडली? या प्रश्नाचे उत्तर औंध संस्थानचे राजे श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या चरित्रात सापडते.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात पराक्रम गाजवून प्रतिनिधिपद मिळविणारे परशुराम त्रिंबक हे या घराण्याचे मूळ पुरुष. राजघराण्यातील मुलांना त्या काळी शिकार, मेजवान्या आणि थाटमाट यांचे वेड असे. बाळासाहेबांची आवड निराळी होती. चित्रे पाहावी, चित्रे काढावी, पुराणांतील कथा ऐकाव्या आणि त्या इतरांना सांगाव्या, यांत त्यांचे मन रमे. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकून त्यांनी पदवी संपादन केली. संस्थानिकांच्या मुलांत पदवीपर्यंत शिकणारे त्या काळी फारच थोडे होते.

१९०९ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ते गादीवर बसले. त्यांचे राज्य केवढे होते, म्हणाल? अवघी ७२ गावे आणि सुमारे ५०० चौरस मैलांचा मुलूख! तोही सलग नव्हता. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी तिसरीकडे आणि एक तुकडा तर दूर विजापूरच्या बाजूस. आटपाडीचा भाग म्हणजे पाऊस कमी आणि दुष्काळ नेहमीचा. खजिन्यात पैसा बेताचाच येई. अशा राज्याचा राजा आपल्या प्रजेला देऊन देऊन काय देणार?

बाळासाहेबांनी प्रथम आपल्या अंगचे गुण प्रजेला दिले. ते उत्तम कीर्तनकार होते. हा राजा स्वतः कीर्तनाला उभा राही आणि रामायण-महाभारतातील आख्याने सांगे. ते नित्यनेमाने सूर्यनमस्कार घालीत. पैसा लागत नाही, साधने लागत नाहीत, चार हात जागा असली म्हणजे पुरे. असा हा व्यायाम गरिबाच्या मुलालाही साधण्यासारखा आहे, हे त्यांनी ओळखले. संस्थानातील शाळांतून त्यांनी तो सुरू केला, त्यावर पुस्तक लिहिले आणि देशोदेशी त्याचा प्रसार केला. राजाचे हे वेड पाहून काही लोक हसत. पण हसणाऱ्यांकडे लक्ष न देता बाळासाहेबांचे नमस्कार चालूच राहिले.

त्यांच्या हातात कुंचलाही होता. रामायणातील प्रसंग त्यांनी स्वतः रंगविले आणि १९१६ साली ती चित्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या वेळी खेड्यांतील बहुसंख्य माणसांना अक्षरओळख नव्हती. पोथी उघडली तर त्यांना ती वाचता येत नसे. परंतु चित्राला अक्षराची अट नसते. धनुष्य उचलणारा राम, अशोकवनात बसलेली सीता, समुद्र ओलांडणारा मारुती ही चित्रे निरक्षर आजीलाही वाचता येतात आणि तिच्या मांडीवरील नातवालाही. चित्र हे लोकशिक्षणाचे केवढे मोठे साधन आहे, हे यावरून लक्षात येईल.

पुढे १९१८ साली त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरापुढे एक कल्पना मांडली. महाभारताची एक शुद्ध आणि सचित्र आवृत्ती तयार व्हावी, अशी ती कल्पना होती. नुसती कल्पना मांडून ते थांबले नाहीत. त्या कार्यासाठी त्यांनी एक लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. लहानशा संस्थानच्या मानाने ही रक्कम फार मोठी होती. देशभरातील हस्तलिखिते मिळवून, ती ताडून पाहून, पंडितांनी हे काम पिढ्यान् पिढ्या चालविले. ते १९६६ साली पूर्णत्वास गेले. ते पाहण्यास बाळासाहेब हयात नव्हते. परंतु त्या वृक्षाचे बीज पेरणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

गुणी माणसे हेरून त्यांना आसरा देणे हा बाळासाहेबांचा आणखी एक गुण. लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखान्यासाठी जागेच्या शोधात होते, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळची माळरानाची जमीन दिली. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. चित्रकलेत निपुण असलेले वेदपंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी औंधास राहूनच स्वाध्याय मंडळ चालविले. औंधच्या शाळेने कित्येक गरीब मुलांना विद्येचा मार्ग दाखविला. साने गुरुजी काही काळ तेथे शिकले. पुढे कविवर्य ग. दि. माडगूळकर हेही याच शाळेचे विद्यार्थी झाले.

बाळासाहेब प्रवासात असोत वा घरी, त्यांची नजर सुंदर वस्तूंचा शोध घेत असे. वेरूळ आणि अजिंठा येथील लेणी त्यांनी बारकाईने पाहिली आणि अनुक्रमे १९२९ व १९३२ साली त्यांवर पुस्तके लिहिली. चित्रे, मूर्ती, हस्तलिखिते, कोरीव वस्तू यांचा संग्रह वर्षानुवर्षे वाढत गेला. असा संग्रह अनेक संस्थानिकांपाशी होता. पण तो वाड्यांच्या दिवाणखान्यांत असे आणि तो पाहण्याचे भाग्य पाहुण्यांना व सरकारी साहेबांना लाभे. शेतकऱ्याने वाड्याच्या दारातून आत पाऊल टाकावे, भिंतीवरील चित्रापुढे निवांत उभे राहावे, हे कोणाच्या स्वप्नातही येत नसे.

बाळासाहेबांनी हा संग्रह वाड्यातून बाहेर काढला. यमाईच्या डोंगरउतारावर त्यांनी खास इमारत बांधविली आणि १९३८ साली तेथे वस्तुसंग्रहालय सुरू झाले. चित्रे पाहावयाची तर उजेड हवा. पण ऊन चित्रावर थेट पडले तर रंग फिके होतात आणि डोळेही दिपतात. म्हणून दालनांत वरून सौम्य प्रकाश येईल, अशी योजना करण्यात आली. दिवसाउजेडी कोणत्याही दिव्यावाचून चित्रे स्पष्ट दिसावी, हा त्यामागील हेतू.

आता आपण मनानेच या दालनांतून फेरी मारू. ही पाहा राजा रविवर्म्यांची चित्रे. पुराणांतील स्त्री-पुरुष त्यांनी असे रंगविले आहेत, की वस्त्राची घडी न् घडी आणि दागिन्यांवरची चमक खरीच वाटावी. ही महादेव विश्वनाथ धुरंधरांची चित्रे. ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. पलीकडे मोगल, राजपूत आणि पहाडी शैलींची लघुचित्रे आहेत. खारीच्या शेपटीच्या केसांपासून केलेल्या बारीक कुंचल्यांनी असे काम करीत. त्यांतील झाडांची पाने वेगवेगळी मोजता येतात. ती पाहण्यासाठी अगदी जवळ जावे लागते आणि घाई विसरावी लागते.

याच संग्रहालयात युरोपातील थोर चित्रकारांच्या कलाकृतींच्या प्रतिकृतीही आहेत. मूळ चित्र नव्हे, नक्कलच ती; मग तिचे मोल काय, असे कोणाच्या मनात येईल. पण मूळ चित्र पाहावयाचे तर सातासमुद्रांपलीकडे जावे लागे. औंधच्या पंचक्रोशीतील मुलाला ते कसे शक्य होते? त्याच्यासाठी ही प्रतिकृती म्हणजे दूरच्या जगाकडे उघडणारी खिडकीच होती. आणि या प्रतिकृतींच्या सोबतीला एक अस्सल नवलही येथे आहे. जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांनी घडविलेले मायलेकरांचे शिल्प औंधच्या या संग्रहालयात आहे. जुन्या देवमूर्ती पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांना ते प्रथम परके वाटते. पण आई आणि मूल ही जगात कोठेही परकी नसतात.

दुष्काळी मुलखाच्या राजाने चित्रांवर पैसा खर्च करावा, हे योग्य झाले का? हा प्रश्न विचारणे गैर नाही. भुकेल्याला आधी भाकरी हवी, हे खरेच आहे. परंतु गरिबाला केवळ भाकरीच हवी आणि सौंदर्य मात्र श्रीमंतांनी भोगावे, असे म्हणणे म्हणजे गरिबाला अर्धाच माणूस समजणे होय. बाळासाहेबांनी आपल्या प्रजेला असे अर्धे समजले नाही. याचा पुरावा त्यांच्या संग्रहालयात आहे, तसा त्यांच्या राज्यकारभारातही आहे.

ज्या १९३८ साली त्यांनी आपली चित्रे लोकांना खुली केली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांनी आपली सत्ताही लोकांच्या हाती देण्याचे घोषित केले. इंग्लंडहून शिकून आलेले त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडमध्ये जन्मलेले एक इंजिनिअर यांनी या कामी पुढाकार घेतला. महात्मा गांधींचा सल्ला घेण्यात आला. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची नवी राज्यघटना अमलात आली. गावाने आपली पंचायत निवडावी आणि पंचायतींच्या पायावर सारा कारभार उभा राहावा, अशी ती घटना होती. देशातील अनेक संस्थानांत प्रजेला ब्र काढण्याचीही मुभा नव्हती, त्या काळातील ही गोष्ट आहे. सत्ता हिसकावून घेतल्याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ सापडतात. ती आपण होऊन सोडून दिल्याची उदाहरणे विरळाच.

त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत स्थापन झाली. तेथे भिंती नव्हत्या, बेड्या नव्हत्या. गुन्हेगारांनी शेती करावी, कुटुंबासह राहावे आणि विश्वासाच्या बळावर सुधारावे, असा तो प्रयोग होता. याच प्रयोगावरून स्फूर्ती घेऊन व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. चित्रापुढे शेतकऱ्याला उभे करणे, कारभार गावकऱ्यांवर सोपविणे आणि कैद्याला कुलपाविना ठेवणे, या तिन्ही गोष्टी वरवर वेगळ्या दिसतात. पण तिन्हींच्या मुळाशी एकच भावना आहे. ती म्हणजे साध्या माणसावरील विश्वास.

१९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद बाळासाहेबांना लाभले. देश स्वतंत्र झाल्यावर ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजा आता इतरांसारखाच एक नागरिक झाला. ज्याने नऊ वर्षांपूर्वीच आपण होऊन सत्ता सोडली होती, त्याला हा बदल जड वाटण्याचे कारण नव्हते. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज औंधचे संस्थान उरलेले नाही. पंतप्रतिनिधींची ती पदवी, तो दरबार, ते मानमरातब सारे काळाच्या ओघात गेले. परंतु डोंगराच्या वाटेवरील संग्रहालय उभे आहे आणि महाराष्ट्र शासन त्याची देखभाल करीत आहे. देवीचे दर्शन घेऊन उतरणारे यात्रेकरू, शेतकरी, शाळांच्या सहलीतील मुले तेथे येतात आणि चित्रांपुढे उभी राहतात. राजाने जे स्वतःपाशी राखले, ते गेले; जे लोकांना दिले, तेच उरले. मुलांनो, कधी औंधला गेलात तर देवीला जाता-येता या वास्तूतही जरूर डोकवा. एखाद्या लघुचित्रापुढे घटकाभर थांबा आणि त्यातील पाने मोजून पाहा. ती चित्रे मांडणाऱ्या राजाने तुमचीच वाट पाहिली होती.